घशाच्या कर्करोगाचे उपचार सुरू होण्यापूर्वी : जोडीदाराला पडणारे प्रश्न

निदान हाती पडल्यापासून प्रत्यक्ष उपचार सुरू होईपर्यंत काही आठवडे जातात. लोक त्यांना वाट पाहण्याचे दिवस म्हणतात, पण खरे पाहता सगळ्यांत जास्त काम याच दिवसांत असते आणि त्यातले बरेचसे पतीने किंवा पत्नीनेच करायचे असते. माझ्या यजमानांना स्वरयंत्राचा कर्करोग झाला तेव्हा आम्ही सातारा जिल्ह्यातून मुंबईला गेलो आणि किरणोपचारासाठी सात आठवडे तिथे राहिलो. खालचे काही प्रश्न मला पडलेले आहेत, तर काही बाकावर शेजारी बसलेल्या बायकांनी आणि पत्नीला घेऊन आलेल्या पुरुषांनी विचारलेले आहेत. उत्तरे घरच्या माणसाच्या नजरेने लिहिली आहेत. औषध आणि उपचार यांबाबत शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचाच समजावा.

घशाचा कर्करोग म्हणजे नेमका कुठला?

'घसा' हा आपला बोलण्यातला शब्द आहे. फाइलमध्ये मात्र तिथे एखाद्या विशिष्ट जागेचे नाव लिहिलेले असते. टॉन्सिल आणि जिभेचे मूळ हा एक भाग, त्याखाली अन्ननलिकेच्या तोंडाशी असलेला दुसरा, आणि ज्यातून आवाज निघतो ते स्वरयंत्र हा तिसरा. जागा बदलली की उपचार बदलतात आणि परिणामही बदलतात. स्वरतंतूंवरची गाठ आवाज बसल्यामुळे लवकर लक्षात येते, उलट अन्ननलिकेच्या तोंडाशी असलेली गाठ गिळताना अडकू लागेपर्यंत गप्प राहते. म्हणून दूरच्या कोणाचा 'घशाचाच होता, महिन्यात बरा झाला' हा अनुभव ऐकून आपला अंदाज बांधू नये. डॉक्टरांना कागदावर चित्र काढून जागा दाखवायला सांगावे. बहुतेक डॉक्टर आनंदाने काढतात, आणि तो कागद घरी सगळ्यांना समजावून सांगताना फार उपयोगी पडतो.

यांचा आवाज जाणार का?

पहिल्या भेटीत हा प्रश्न जवळपास प्रत्येकाच्या ओठांवर असतो. स्वरयंत्राची गाठ लहान असेल तर केवळ किरणोपचाराने किंवा तोंडावाटे केलेल्या लेझर शस्त्रक्रियेने ती काढता येते आणि आवाज बऱ्यापैकी टिकतो. गाठ वाढलेली असेल तर किरणोपचार आणि केमोथेरपी एकत्र देणे किंवा संपूर्ण स्वरयंत्र काढणे, असे दोन मार्ग समोर येतात. फार पूर्वी दुसरा मार्गच सर्रास वापरला जाई. १९९१ मध्ये अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांतील ३३२ रुग्णांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात आधी केमो आणि मग किरणोपचार दिलेल्या गटातील ६४ टक्के रुग्णांचे स्वरयंत्र वाचले, आणि जगण्याच्या प्रमाणात शस्त्रक्रियेच्या गटाशी लक्षणीय फरक आढळला नाही. अवयव वाचवण्याच्या उपचारांना तेव्हापासून बळ मिळाले.

तरीही 'काहीही करा, पण आवाज वाचवा' असा हट्ट डॉक्टरांपुढे धरू नये, असे मला वाटते. गाठीने स्वरयंत्राचा कूर्चा, म्हणजे त्याचा लवचीक हाडासारखा सांगाडा, भेदला असेल किंवा स्वरयंत्र आधीच निकामी झाले असेल, तर ते जागेवर ठेवून फायदा होत नाही. अन्न श्वासनलिकेत उतरत राहते, आणि आवाजही नीट नसतो व घासही नीट जात नाही अशी अवस्था होते. विचारायचा प्रश्न 'स्वरयंत्र राहील का?' एवढाच नाही. 'राहिले तर त्यातून बोलता आणि गिळता येईल का?' हेही विचारावे.

संपूर्ण स्वरयंत्र काढल्यावर गळ्याच्या खालच्या भागात कायमचे छिद्र राहते आणि श्वास तिथूनच चालतो. पण माणूस मुका होत नाही. श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्यामध्ये बसवलेल्या छोट्या झडपेच्या साहाय्याने, गळ्याला टेकवायच्या विजेच्या यंत्राने किंवा अन्ननलिकेतून हवा सोडण्याचा सराव करून बोलता येते. शस्त्रक्रिया ठरली असेल तर ती होण्यापूर्वीच वाचा-उपचारतज्ज्ञांची भेट मागून घ्यावी. जमल्यास अशी शस्त्रक्रिया होऊन बोलू लागलेल्या एखाद्या रुग्णाशी गाठ घालून द्यायलाही सांगावे. तासभर समजावून जे पटत नाही, ते अशा माणसाने 'बसा, चहा घ्या' म्हटले की पटते.

त्यांना रोगाचे नाव सांगावे की नाही? घरचे म्हणतात, खचून जातील.

आमच्याकडेही थोरल्या दिरांनी आधी डॉक्टरांना एकटे गाठून 'त्याला काही बोलू नका' असे सांगितले होते. हेतू वाईट नव्हता. परंतु सहा-सात आठवडे रोज किरणोपचाराच्या यंत्राखाली झोपणाऱ्या माणसापासून रोगाचे नाव लपत नाही. प्रतीक्षाकक्षातल्या प्रत्येक भिंतीवर ते लिहिलेले असते. लपवल्यामुळे एवढेच होते की तो आपल्याशी बोलणे बंद करतो, आणि आपल्याला कळू नये म्हणून तोही नाटक करू लागतो. शिवाय संमतिपत्रावर सही त्याची असते.

सांगावे, मात्र एका दमात सगळे सांगू नये. 'तुम्हाला किती जाणून घ्यायचे आहे?' असे आधी विचारावे. काहींना टक्केवारी हवी असते, तर काहींना फक्त उद्या काय करायचे एवढेच हवे असते. दोन्ही रास्त आहे. मुलांनाही त्यांच्या वयाला समजेल इतके खरे सांगावे. बाबांचे वजन उतरेल, आवाज बसेल, ते चिडतील आणि त्यात तुमची काही चूक नाही, एवढे आधी सांगितलेले असले तरी मुले बरीच सावरतात.

डॉक्टरांसमोर मी बोलावे की त्यांनी?

शक्य आहे तोवर त्यांनी. घशाच्या रोगात आवाज खरखरीत होतो, बोलायला वेळ लागतो, आणि बाहेर रांग असल्यामुळे आपल्याला घाई होते. मग डॉक्टर 'त्रास काय होतो?' असे त्यांना विचारतात आणि उत्तर आपण देतो. दोन-तीन भेटींत डॉक्टरसुद्धा आपल्याकडेच पाहून बोलू लागतात, आणि ज्याच्या घशाची चर्चा चालू आहे तो माणूस बाजूच्या स्टुलावर भिंतीकडे बघत बसतो. ही चूक मी केली आहे. नंतर आम्ही एक रीत पाडली. आदल्या रात्री दोघांनी मिळून प्रश्न वहीत लिहायचे, वही त्यांच्या हातात द्यायची, आणि डॉक्टर जे सांगतील ते मी त्याच वहीत टिपून घ्यायचे. एखादी गोष्ट ते सांगायला संकोचत असतील तर 'हे मी सांगू का?' असे त्यांना विचारून मगच मी तोंड उघडत असे.

दातांच्या डॉक्टरांकडे का पाठवतात? रोग घशात आहे ना?

माझ्या पाहण्यात सर्वाधिक लोक हीच गोष्ट टाळतात आणि पुढे पस्तावतात. घशाला किरणे देताना लाळग्रंथी आणि जबड्याचे हाड पुष्कळदा किरणांच्या वाटेत येतात. लाळ कमी झाली की दात झपाट्याने किडतात, आणि किरणे लागलेल्या जबड्याला रक्तपुरवठा कमी झाल्यामुळे तिथली जखम भरत नाही. उपचारांनंतर एखादा दात काढावा लागला तर हाड उघडे पडून सडण्याचा धोका असतो, आणि हा धोका वर्ष-दोन वर्षांत संपत नाही, पुढे आयुष्यभर राहतो. म्हणून हलणारे, किडलेले, मुळाशी पू असलेले दात आधीच काढतात, आणि ती जखम भरायला किरणोपचारापूर्वी निदान दहा ते चौदा दिवस हाती असावे लागतात. तारखांचे गणित इथेच चुकते. सीटी आणि रक्ततपासणीत आठवडा निघून जातो, मग कोणाला तरी दातांची आठवण होते आणि किरणोपचाराची तारीख पुढे ढकलावी लागते. निदान झाल्याच्या आठवड्यातच दंतवैद्यांची वेळ घ्यावी आणि 'मानेला किरणे द्यायची आहेत' हे त्यांना स्पष्ट सांगावे.

तंबाखू खाणाऱ्यांचे दात अनेकदा इतके खराब असतात की एका बैठकीत सहा-आठ दात जातात. माणसाला त्याची फार लाज वाटते. कवळी लगेच लावता येत नाही, हेही आधीच सांगून ठेवावे. उरलेल्या दातांसाठी फ्लोराइडची पेस्ट किंवा जेल लिहून देतात. ती उपचार संपल्यावरही चालू ठेवायची असते.

याच भेटीत तोंड किती उघडते ते पाहून घ्यावे. आपलीच तीन बोटे एकावर एक, उभी धरून दातांमध्ये मावायला हवीत. किरणोपचारानंतर जबडा आखडतो, म्हणून व्यायाम आधीपासून शिकून घ्यायचा असतो. आम्हाला आइस्क्रीमच्या लाकडी काड्यांची चळत दातांत धरायला शिकवले होते आणि दर काही दिवसांनी तीत एक काडी वाढवायची होती. गिळण्याचे व्यायामही वाचा-उपचारतज्ज्ञांकडून उपचारांपूर्वीच शिकावेत, कारण घसा सोलवटल्यावर नवीन काही शिकण्याची उमेद उरत नाही.

आत्ता काय खायला घालावे?

पोटभर, आणि त्याहून थोडे अधिक. वजन ही या काळातली जमापुंजी आहे, कारण उपचारांच्या मध्यावर ती वेगाने खर्च होते. दर सोमवारी सकाळी, चहाच्या आधी, त्याच काट्यावर वजन करून वहीत लिहावे. उपचार सुरू होण्याआधीच वजन घसरत असेल तर पुढच्या तारखेची वाट न पाहता आहारतज्ज्ञांना भेटावे.

घन घास अडकत असेल तर सगळे मऊ करावे, पण पातळ करताना सत्त्व घालवू नये. आपल्याकडे आजारी माणसाला पेज आणि वरणाचे पाणी देण्याची सवय आहे. त्याने पोट भरल्यासारखे वाटते, पण अंगाला काही लागत नाही. मऊ गुरगुट्या भातात घट्ट वरण आणि दोन चमचे तूप घालावे. नाचणीचे सत्त्व पाण्यात न शिजवता दुधात शिजवावे. सातूचे पीठ, राजगिऱ्याच्या लाह्या दुधात भिजवून, घट्ट दही, खिमट, चालत असेल तर अर्धवट उकडलेले नव्हे तर पूर्ण शिजलेले अंडे कुस्करून, असे काही तरी दर दोन तासांनी द्यावे. माझ्या सासूबाई शेंगदाण्याचे कूट पाट्यावर लोण्यासारखे वाटून खिरीत घालत. मिक्सरमधल्या कुटाची कणी घशात टोचते, पाट्यावरचे टोचत नाही, हे त्यांना न सांगताच कळले होते. मूत्रपिंडाचा किंवा मधुमेहाचा आजार असेल तर हा सगळा आहार डॉक्टरांना विचारूनच ठरवावा. 'साखर खाल्ली की गाठ वाढते' या सांगीवर विसंबून मात्र उपाशी माणसाच्या पुढ्यातली खीर उचलू नये.

पातळ पदार्थ पिताना ठसका लागत असेल तर ही गोष्ट त्या आठवड्यातच डॉक्टरांना सांगावी, कारण पाणी फुप्फुसात उतरत असण्याची ती खूण असू शकते.

नाकातून नळी घालणार म्हणतात. ती टाळता येत नाही का?

काहींना टाळता येते. घास जात आहे तोवर तोंडानेच खावे, कारण गिळण्याचे स्नायू वापरात राहिले नाहीत तर पुढे ते साथ देत नाहीत. पण गिळणे पुरते बंद झालेले असताना नळीला विरोध करणे म्हणजे उपासमार ओढवून घेणे आहे. काही आठवड्यांसाठी नाकातून राइल्स ट्यूब घालतात, आणि जास्त काळ लागणार असेल तर पोटातून थेट जठरात नळी बसवतात. नळी असतानाही घोटभर पाणी गिळण्याची परवानगी आहे का, ते विचारून घ्यावे.

नळीने अन्न देणे दोन दिवसांत जमते. नाकाशी नळीवर शाईची खूण करून ठेवावी आणि प्रत्येक वेळी ती जागेवर आहे का ते आधी पाहावे. माणसाला टेकवून बसते करावे, गाळलेले कोमट अन्न सावकाश सोडावे, आधी आणि नंतर थोडे पाणी सोडून नळी धुवावी आणि त्यानंतर निदान अर्धा तास त्याला आडवे होऊ देऊ नये. खूण सरकलेली दिसली किंवा नळी निघून आली, तर ती घरी आत ढकलण्याचा प्रयत्न करू नये. गोळ्या कुटून द्यायच्या असतील तर कोणती कुटायची नाही ते औषधवाल्याला विचारावे.

तो जाळीचा मुखवटा कसला असतो?

किरणोपचाराला रुग्ण आपापसांत 'लाइट' म्हणतात, आणि मुखवट्याला मास्क किंवा मोल्ड. प्लास्टिकचा जाळीदार ताव गरम पाण्यात मऊ करतात, ओल्या गरम पंचासारखा तो चेहऱ्यावर आणि खांद्यांवर ओढतात, आणि काही मिनिटांत तो त्याच आकारात कडक होतो. रोज तोच मास्क घालून डोके टेबलाला पक्के करतात, म्हणजे किरणे नेमक्या जागी पडतात. साधारणपणे आठवड्यातून पाच दिवस, एकूण तीस ते पस्तीस वेळा हे करावे लागते. किरणे लागताना दुखत नाही.

भीती वाटते ती जखडले जाण्याची. ज्यांना लिफ्टमध्ये गुदमरते त्यांनी हे आधीच सांगावे. डोळ्यांपुरती जाळी कापून देता येईल का, गाणी लावता येतील का, असे विचारायला हरकत नाही. आत असताना बोलता येत नाही म्हणून हात वर केला की थांबायचे, अशी खूण तंत्रज्ञांशी ठरवून घ्यावी. बाहेरच्या खोलीत ते पडद्यावर सतत पाहत असतात. दाढी-मिशी काढायची असेल तर मास्क घेण्याआधीच काढावी, कारण नंतर काढली तर तो सैल होतो. वजन फार उतरल्यानेही मास्क सैल होतो आणि नवीन घ्यावा लागतो. यजमानांनी तीस वर्षांची मिशी मास्कच्या आदल्या दिवशी उतरवली आणि ते मला दवाखान्याच्या गर्दीत क्षणभर ओळखूच आले नाहीत.

आता तंबाखू सोडून काय उपयोग? व्हायचे ते झाले.

उपयोग आहे, आणि तो याच उपचारांत दिसतो. धूम्रपान चालू ठेवल्यास किरणोपचाराचा परिणाम घटतो, जखमा उशिरा भरतात, तोंड जास्त सोलवटते आणि दुसरा कर्करोग होण्याचा धोका राहतो. पत्नी रुग्ण असेल तर मशेरीचा विषय काढावा, कारण बऱ्याच घरांत तिची गणना तंबाखूत होतच नाही. तंबाखूमुक्तीसाठी १८००-११-२३५६ हा केंद्र सरकारचा निःशुल्क क्रमांक आहे. दारूही बंद हवी. रोज पिणाऱ्याने मात्र ती डॉक्टरांना सांगून सोडावी, कारण एकाएकी बंद केल्याने झटके येऊ शकतात.

'मी इतकी वर्षे सांगत होते' हे वाक्य प्रत्येक पत्नीच्या जिभेवर असते. ते खरेही असते, पण या दिवसांत ते गिळून टाकावे. शिवाय प्रत्येक रुग्ण व्यसनी नसतो. टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाशी होणारे काही कर्करोग विषाणूमुळे होतात, त्यामुळे नातेवाइकांनी परस्पर निष्कर्ष काढून नजरेने दोष देऊ नये.

तुकडा काढला की रोग पसरतो, असे गावात म्हणतात.

पसरत नाही. गाठीचा तुकडा तपासल्याशिवाय (बायोप्सी) रोग कोणता ते ठरत नाही आणि उपचार सुरू होत नाहीत. या समजुतीपायी लोक दोन-तीन महिने काढे आणि भस्मे घेत राहतात, मग दवाखान्यात येतात, आणि खापर तुकड्यावर फुटते. एखादे आयुर्वेदिक किंवा घरगुती औषध चालू असेल तर ते लपवू नये. सिस्प्लॅटिनसारख्या केमोच्या औषधाचा ताण मूत्रपिंडावर पडतो, आणि त्यात भर घालणारे काहीही, अगदी दुकानातून आणलेली वेदनाशामक गोळीसुद्धा, विचारल्याशिवाय देऊ नये. याच औषधाने ऐकू येणे कमी होऊ शकते, म्हणून सुरुवातीला कानांची तपासणी करतात. ती निरर्थक समजून टाळू नये.

हा रोग मला किंवा मुलांना लागेल का?

नाही. एका ताटात जेवावे, एका खोलीत झोपावे. घशाला बाहेरून किरणे दिलेला माणूस घरी आल्यावर त्याच्या अंगातून किरणे निघत नाहीत.

कागदपत्रे आणि पैसे यांची तयारी कशी करावी?

एक जाड फाइल करावी. तुकड्याचा अहवाल, सीटी किंवा एमआरआयचे अहवाल व त्यांच्या सीडी, रक्ततपासण्या, आधीच्या आजारांची कागदपत्रे आणि चालू गोळ्यांची यादी तारखेच्या क्रमाने लावावी. दुसऱ्या रुग्णालयात जाणार असाल तर जिथे तपासणी झाली त्या प्रयोगशाळेतून तुकडा जपून ठेवलेला मेणाचा ब्लॉक आणि काचेच्या स्लाइडही मागून घ्याव्यात. मोठी रुग्णालये त्या स्वतः पुन्हा पाहतात. आम्ही फक्त अहवाल घेऊन गेलो आणि स्लाइड आणण्यासाठी माझ्या भावाला रात्रीच्या एसटीने परत जावे लागले.

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगाच्या शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि केमो यांचा समावेश आहे, आणि २०२४ पासून कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते. उपचारांपूर्वी मंजुरी घ्यावी लागते. आधी पैसे भरून मग परत मागण्याची ही योजना नाही, म्हणून दाखल होण्याआधीच रेशनकार्ड आणि आधार घेऊन रुग्णालयातील आरोग्यमित्राला भेटावे. चौकशीसाठी १५५३८८ हा क्रमांक आहे. याशिवाय मुख्यमंत्री वैद्यकीय सहाय्यता निधी आणि रुग्णालयाचा समाजसेवा विभाग हे दोन दरवाजे ठोठावावेत. समाजसेवकाकडे जाण्यात कमीपणा नाही. जुन्या पद्धतीने प्राप्तिकर भरणाऱ्यांना कर्करोगाच्या उपचारखर्चासाठी ४० हजारांपर्यंत, आणि रुग्ण ज्येष्ठ नागरिक असल्यास १ लाखापर्यंत वजावट मिळते, म्हणून पावत्या सांभाळाव्यात.

बँकेचे व्यवहार, विम्याचे कागद, मोबाइलचा पिन, कोणाकडून किती येणे आहे, हे सर्व त्यांचा आवाज शाबूत असताना विचारून घ्यावे. विषय अवघड आहे. मी 'मला शिकवा' असे म्हणून सुरुवात केली, त्यामुळे ते निरवानिरवीसारखे वाटले नाही.

परगावी सात आठवडे राहायचे कुठे?

आधी हा विचार करावा की परगावी जाणे खरोखर गरजेचे आहे का. किरणोपचार आता फक्त मुंबईत होतात असे नाही. बार्शीचे नर्गिस दत्त रुग्णालय, नागपूरचे राष्ट्रसंत तुकडोजी रुग्णालय, छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय अशी ठिकाणे आहेत. तज्ज्ञांचा सल्ला मोठ्या केंद्रात घेऊन रोजचे किरणोपचार घराजवळ घेता येतील का, हे विचारावे. परळच्या टाटा रुग्णालयातच जायचे असेल, तर दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती या जागा रुग्ण व सोबतच्या नातेवाइकांना माफक दरात राहू देतात. तिथे रुग्णालयाची कागदपत्रे लागतात आणि जागेसाठी थांबावेही लागते. टाटाचे दुसरे केंद्र खारघरला आहे, त्यामुळे उपचार नेमके कुठे होणार हे कळल्यावरच खोली पाहावी. रेल्वेत कर्करोगाच्या रुग्णाला शयनयान आणि तृतीय वातानुकूलित वर्गात पूर्ण, तर सोबत्याला ७५ टक्के सवलत मिळते. त्यासाठीचा अर्ज रुग्णालयातून भरून घ्यावा.

उपचार सुरू होण्याआधीच एकदम त्रास वाढला तर?

श्वास घेताना शिटीसारखा किंवा घरघर आवाज येऊ लागला, आडवे झाल्यावर गुदमरू लागले, तोंडातून ताजे रक्त आले किंवा पाणीही गिळता येईनासे झाले, तर तारखेची वाट पाहू नये. रात्र असली तरी थेट रुग्णालयाच्या अपघात विभागात जावे. श्वासासाठी गळ्याला छिद्र पाडावे लागले तर घाबरून नाही म्हणू नये, ते अनेकदा तात्पुरते असते. केमो सुरू झाल्यानंतर १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप आला तर तोही तातडीचाच समजावा. क्रोसिन देऊन सकाळपर्यंत थांबू नये. घरात थर्मामीटर नसेल तर आजच आणावा.

पुढे काय काय होईल, हे आधी कळले तर बरे.

किरणोपचाराचे पहिले दोन आठवडे बहुतेकांना सोपे जातात, आणि 'एवढेच होय!' असे वाटते. मग चव जाते, थुंकी चिकट होते, तोंड येते, गिळताना आग होते, मानेची कातडी काळवंडते. सर्वांत जास्त त्रास शेवटच्या आठवड्यांत होतो आणि उपचार संपल्यानंतरही साधारण पंधरा दिवस तो तसाच असतो. शेवटच्या दिवशी पेढे वाटून घरी गेलेल्या माणसाला पुढच्या आठवड्यात जास्त दुखू लागले तर काही बिघडले आहे असा समज होतो, म्हणून हे आधीच माहीत असावे. मीठ आणि खायचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याच्या गुळण्या, मऊ ब्रश आणि सैल सुती गळ्याचे सदरे आत्ताच आणून ठेवावेत. मानेला तेल, बाम, पावडर लावू नये. काही महिन्यांनी थायरॉइड मंदावू शकतो, त्यामुळे पुढच्या तपासण्यांत ती रक्ततपासणी होते का, यावर लक्ष ठेवावे.

भेटायला येणारे आणि फोन करणारे यांचे काय करावे?

घरातल्या एकाच माणसाने, शक्यतो आपण सोडून दुसऱ्याने, आठवड्यातून एकदा सगळ्यांना कळवावे. आमच्याकडे हे काम जावयांनी अंगावर घेतले. जो 'काही लागले तर सांगा' म्हणतो त्याला खरोखरच काम सांगावे : शनिवारी डबा, गुरांचे पाणी, मुलाची शाळेची फी.

आणि माझे स्वतःचे?

आपल्या रक्तदाबाच्या, साखरेच्या गोळ्या त्यांच्याच फाइलला जोडून ठेवाव्यात, म्हणजे विसरत नाहीत. दोन आठवड्यांतून एक दिवस दुसऱ्या कोणाला तरी सोबत पाठवून झोपावे. झोपच लागेनाशी झाली, सतत रडू येऊ लागले किंवा कशातच मन लागेनासे झाले, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीत बोलता येते. रुग्णाची चिडचिड आपल्यावरच निघते, कारण बाकी सगळ्यांशी त्याला नीट वागावे लागते.

आवाज बसल्यावर एकमेकांशी बोलायचे कसे?

हे उपचारांआधी ठरवावे. शाळेच्या दुकानात मिळते ती खोडून लिहायची पाटी, उशाशी एक घंटी, हो-नाही-पाणी-दुखते यांच्या चार खुणा, आणि फोनवर मराठी टंकण्याची सवय. लिहिता-वाचता येत नसेल तर चित्रांचा तक्ता करावा. शस्त्रक्रियेने स्वरयंत्र काढायचे ठरले असेल, तर त्यांच्या आवाजात काही ध्वनिमुद्रित करून ठेवायचे का, हे त्यांनाच विचारावे. काहींना ते हवे असते, काहींना नकोसे वाटते.

यजमानांचा आवाज पाचव्या आठवड्यात पार बसला. ते पाटीवर लिहीत आणि मी दोन शब्द वाचून पुढचे वाक्य मोठ्याने पूर्ण करी. माझा अंदाज बहुधा चुके आणि ते पेन्सिल खाली ठेवून भिंतीकडे वळत. मग मी ठरवले की पाटी माझ्याकडे वळेपर्यंत बोलायचे नाही. एका वाक्याला कधी कधी दोन मिनिटे लागत, आणि निम्म्या वेळा त्यात विहिरीवरच्या मोटारीचे बिल भरले का, एवढेच विचारलेले असे.